प्रदक्षिणाकाळ मुलांनी स्वतः मोजायचा आहे: चंद्र घ्यावा, गुरू घ्यावा की गुरूचे चंद्र?

खानापूरच्या_बाई:

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. ग्रहांचा तक्ता मुलांना तोंडपाठ आहे. बुध ८८ दिवस, शुक्र २२५, मंगळ ६८७, गुरू ११.८६ वर्षे, शनी साडेएकोणतीस. पण हे आकडे आले कुठून, असं विचारलं की वर्ग गप्प. माझी इच्छा एवढीच आहे की यातला निदान एक आकडा मुलांनी स्वतः आकाशात बघून काढावा. पुस्तकातल्या आकड्याशी थोडाफार फरक पडला तरी चालेल, पण तो का पडला हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

हाताशी १०×५० ची एक द्विनेत्री, शाळेची ६० मिमीची छोटी दुर्बीण आणि मुलांच्या घरचे मोबाईल आहेत. आमच्याकडे दसऱ्यापर्यंत आकाश मोकळं मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणजे दिवाळीपासून परीक्षेपर्यंतचा काळ मिळेल. त्यात काय जमेल?

टिळकवाडी_दुर्बीण:

बाई, सुरुवात चंद्रापासूनच करा. साधन लागत नाही आणि महिन्याच्या आत एक फेरी पुरी होते.

फक्त पौर्णिमा ते पौर्णिमा मोजायला लावू नका. त्यातून २९.५३ दिवस येतील आणि तो चंद्राचा पृथ्वीभोवतीचा खरा प्रदक्षिणाकाळ नव्हे. चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात मोजायचा. त्यासाठी सध्या कृत्तिकांइतकी चांगली खूण नाही, कारण या काही वर्षांत चंद्राची वाट कृत्तिकांच्या अगदी जवळून, कधी तर त्यांच्यावरूनच जाते. चंद्र कृत्तिकांच्या सर्वांत जवळ कधी होता ती तारीख आणि वेळ लिहून ठेवायची. पौर्णिमेच्या आसपास चंद्राच्या उजेडात कृत्तिका डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा द्विनेत्री घ्या.

अडचण एकच. खरा काळ आहे २७ दिवस ७ तास ४३ मिनिटं. आज रात्री ९ वाजता गाठ पडली तर पुढची पहाटे पावणेपाचला, त्याच्या पुढची भर दुपारी. म्हणून एका फेरीवर थांबू नका. तीन फेऱ्या मिळून ८१ दिवस २३ तास ९ मिनिटं होतात, म्हणजे ८२ दिवसांना तासभरसुद्धा कमी नाही. म्हणून तीन फेऱ्यांनंतरची गाठ पहिलीच्याच वेळेला पडते. दिवाळीच्या सुमाराची एक नोंद आणि तिच्यानंतर ८२ दिवसांनी दुसरी, एवढ्यावर काम होतं.

चंद्राचा वेग रोज सारखा नसतो, आणि आपण पृथ्वीच्या पाठीवरून बघत असल्यामुळे चंद्राची जागाही थोडी सरकलेली दिसते. त्यामुळे दोन-तीन तासांची चूक होणारच. पण ती तीन फेऱ्यांत वाटली गेली की एका फेरीमागे तासाभराचीच उरते. काळ मोजण्याचं सगळं तंत्र एवढ्यावर उभं आहे. जितक्या जास्त फेऱ्या मध्ये घालाल तितका चुकीचा वाटा कमी होतो.

चिकोडीकर:

वरच्या प्रतिसादात थोडी भर. २७.३ आणि २९.५ यांतला फरक मुलांनी गणितानं काढला तर त्यांच्या मनात तो पक्का बसतो. चंद्र रोज ३६० भागिले २७.३२, म्हणजे १३.१८ अंश पूर्वेकडे सरकतो. सूर्यही ताऱ्यांमधून रोज ०.९९ अंश पूर्वेकडे सरकल्यासारखा दिसतो, कारण आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते आहे. चंद्र सूर्याला रोज १२.१९ अंशांनीच मागे टाकतो. ३६० ला १२.१९ नं भागा, २९.५३ येतात.

याचा पडताळाही आकाशात मिळतो. कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांपाशी असतो. पुढच्या पौर्णिमेला तो तिथं नसतो, सुमारे २९ अंश पुढे मृगाकडे गेलेला असतो. पौष पौर्णिमेला पुष्यापर्यंत. दिनदर्शिका हातात घेऊन मुलांनी ओळीनं तीन पौर्णिमा पाहिल्या तर दोन्ही काळ एकाच वहीत उतरतील.

आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये हे कसं मांडलं तेही सांगा. ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्या आणि १,५७,७९,१७,५०० दिवस. भागाकार २७.३२१६७ येतो, आणि आजचा आकडा २७.३२१६६ आहे. दशांश अपूर्णांक लिहायची सोय नसताना इतका बारीक काळ पूर्णांकांत मांडायची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. ‘एका फेरीला किती दिवस’ असं न विचारता ‘इतक्या दिवसांत किती फेऱ्या’ असं विचारलं की अपूर्णांकाची गरजच पडत नाही.

कृष्णाकाठ:

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. गणित शाळेपुरतंच, पण पंचांग रोजचं. नृसिंहवाडीला २०१६ साली कन्यागत पर्व झालं, गुरू कन्या राशीत गेला तेव्हा. आमच्या घरातून दर बाराव्या वर्षी वाडीला स्नानाला जाण्याची रीत आहे. आता बाई लिहितात ११.८६ वर्षे. मग उरलेलं कुठं जातं? हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ ला, अकराव्याच वर्षी झाला, तेव्हा पुष्कळांना नवल वाटलं होतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

टिळकवाडी_दुर्बीण:

काका, थेट संबंध आहे. गुरू बारा वर्षांच्या आधीच, सुमारे ५० दिवस अगोदर, आपली फेरी पुरी करतो. एका पर्वात ५० दिवस कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण गुरू एका राशीत वर्षभर असतो आणि पर्व त्या वर्षात मावतं. पण सात-आठ पर्वांत ते साचून एक वर्ष होतं. बारावं वर्ष येईपर्यंत गुरू ती रास ओलांडून पुढे गेलेला असतो. मग पर्व अकराव्या वर्षी घ्यावं लागतं. कुंभ राशीतल्या गुरूसाठी २०२१ मध्ये नेमकं हेच झालं. पिढ्यान्‌पिढ्या हिशेब ठेवणाऱ्या लोकांना ११.८६ हा आकडा असाच सापडतो. आर्यभटाच्या महायुगात गुरूच्या फेऱ्या ३,६४,२२४ आहेत. ४३,२०,००० ला त्यानं भागा, ११.८६१ वर्षे.

बाई, गुरूचा काळ मोजायला मुलांना बारा वर्षं थांबायची गरज नाही असं सगळे सांगतात. दोन प्रतियुतींमधले दिवस मोजा आणि सूत्र लावा, झालं. प्रतियुती म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर समोर, सूर्य मावळताना उगवणारा. सूत्र असं: १ भागिले गुरूचा काळ = १ भागिले ३६५.२५, वजा १ भागिले प्रतियुतींमधले दिवस. बाहेरच्या सगळ्या ग्रहांना हेच चालतं. सूत्र बरोबर आहे, पण त्यात एक खाच आहे.

आपल्या वेळेनुसार २७ सप्टेंबर २०२२ ला प्रतियुती झाली आणि पुढची ३ नोव्हेंबर २०२३ ला. मधले दिवस ४०२. सूत्रात घातले की गुरूचा काळ १०.९ वर्षे येतो. आता १० जानेवारी २०२६ ची प्रतियुती आणि फेब्रुवारी २०२७ ची घ्या. मधले सुमारे ३९७ दिवस, उत्तर साडेबारा वर्षांच्या आसपास. पाच दिवसांच्या फरकानं उत्तर दीड वर्षानं हललं!

कारण दोन. एक म्हणजे गुरूची कक्षा लंबगोल आहे. जानेवारी २०२३ मध्ये तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता, म्हणून वेगात होता, आणि त्याला गाठायला पृथ्वीला जास्त दिवस लागले. आता तो लांब जातो आहे आणि मंदावतो आहे. दुसरं गणितातलं. ३६५ आणि ३९९ हे आकडे इतके जवळजवळ आहेत की त्यांची वजाबाकी लहान येते, आणि लहान संख्येनं भागलं की बारीकशी चूकही मोठी होऊन बाहेर पडते.

उपाय पुन्हा तोच, फेऱ्या वाढवा. ३ डिसेंबर २०१२ च्या सकाळची प्रतियुती आणि ८ डिसेंबर २०२४ च्या पहाटेची. मध्ये ४,३८८ दिवस आणि ११ प्रतियुती-अंतरं. सरासरी ३९८.९ दिवस, त्यावरून गुरूचा काळ सुमारे ४,३३० दिवस. खरा ४,३३२.६. म्हणजे बारा वर्षं कुणीतरी थांबायला लागतंच, आपण फक्त आधीच्यांच्या नोंदी वापरतो.

निपाणी_डिशवाला:

बाई, मी निपाणी भागात डिश बसवायचं काम करतोय. तुमच्या मुलांना एक उदाहरण देतो. डिशचं तोंड एकदा धरलं की हलवावं लागत न्हाई, कारण वरचा उपग्रह एका जागी थांबल्यागत दिसतोय. तो थांबलेला नसतोय, पृथ्वीबरोबर फिरत असतोय. पण त्याची फेरी २४ तासाची नव्हं, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची. पृथ्वी ताऱ्यांच्या हिशेबानं तेवढ्या वेळात एक गिरकी घेते. उरलेली चार मिनिटं सूर्याला परत समोर घ्यायला लागतात. वर चंद्राचं जे २७ आणि २९ चाललंय तेच की हे.

त्याची उंची काढायला चंद्र पुरतोय. चंद्राचा काळ या उपग्रहाच्या काळाच्या २७.४ पट. केप्लरचा नियम म्हणतो काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात. २७.४ चा वर्ग ७५१, त्याचं घनमूळ ९.०९. चंद्राचं अंतर ३,८४,४०० किमी भागिले ९.०९, सुमारे ४२,३०० किमी. खरं अंतर पृथ्वीच्या मध्यापासून ४२,१६४ किमी, जमिनीपासून ३५,७८६. आमच्या कामात हा आकडा रोजचा, पण चंद्रावरून तो निघतोय हे कळल्यावर मला लय बरं वाटलं होतं.

खानापूरच्या_बाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. चंद्र आणि कृत्तिका नक्की घेते, पौर्णिमा ते पौर्णिमा काळही. गुरूच्या प्रतियुतींचं गणित वर्गात करून घेते. पण मुलांना खरी ओढ आहे ती गुरूच्या चार चंद्रांची. शाळेच्या दुर्बिणीतून ते ठिपके त्यांनी पाहिलेत. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो अशी नावं सांगता येतात, पण ठिपक्यावर नाव लिहिलेलं नसतं. कुठला कुठला हे कसं ठरवायचं? शनिवारी मुलांना घरी जायची घाई नसते, म्हणून दर शनिवारी रात्री ८ वाजता बघायचं असा बेत आहे.

टिळकवाडी_दुर्बीण:

बाई, फक्त शनिवार ठेवू नका! हे कळकळीनं सांगतोय.

आयोचा काळ १.७६९ दिवस, युरोपाचा ३.५५१, गॅनिमीडचा ७.१५५. पहिल्याची दुप्पट दुसरा, दुसऱ्याची दुप्पट तिसरा, जवळजवळ तंतोतंत. हे तिघे एकमेकांच्या ओढीनं या प्रमाणात बांधले गेले आहेत. आणि आयोच्या चार फेऱ्या, युरोपाच्या दोन, गॅनिमीडची एक, या तिन्ही बरोबर आठवड्याच्या जवळ येऊन थांबतात. म्हणजे या शनिवारी आठ वाजता जे चित्र दिसेल, पुढच्या शनिवारी तिघेही थोड्याच फरकानं तिथंच असतील. आयो १५ अंश मागे, युरोपा १०, गॅनिमीड ८. मुलं प्रामाणिकपणे वहीत लिहितील की हे चंद्र फिरतच नाहीत, हळूहळू उलटे सरकतात. फक्त कॅलिस्टो दर वेळी वेगळीकडे दिसेल. ठरावीक अंतरानंच बघत राहिलं तर खरा काळ लपतो आणि भलताच काळ समोर येतो. म्हणून ओळीनं आठ-दहा रात्री बघा, आणि काही रात्री संध्याकाळी एकदा व तीन-चार तासांनी पुन्हा एकदा. आयोनं तेवढ्या वेळात जागा बदललेली स्पष्ट दिसते. शनिवारचा उपयोग वेगळ्याच कामाला करा. एकदा गॅनिमीड ओळखला की पुढच्या शनिवारी तो कुठं सापडेल हे आधीच माहीत असतं.

ओळखायची रीत अशी. गुरूपासून सर्वांत लांब गेलेला ठिपका बहुधा कॅलिस्टो. तो गुरूच्या त्रिज्येच्या २६ पटींपर्यंत जातो, गॅनिमीड १५ पर्यंत, युरोपा साडेनऊ, आयो सहाच्या आत. १५ पटींच्या पलीकडे कुणी दिसला तर तो कॅलिस्टोच, दुसरा कुणी असू शकत नाही. तुमच्या द्विनेत्रीतूनही कॅलिस्टो आणि गॅनिमीड टोकाला असताना दिसतात, फक्त द्विनेत्री भिंतीला किंवा खांबाला टेकवून धरा.

मुलांनी दर वेळी एक आडवी रेघ काढायची, मध्ये गुरू, आणि ठिपके गुरूच्या त्रिज्येच्या पटीत मांडायचे. मोबाईल दुर्बिणीच्या नेत्रिकेला लावून फोटो घेतला तर मोजणं सोपं. कॅलिस्टो पूर्वेच्या टोकाला कधी होता, पश्चिमेच्या टोकाला कधी, एवढं कळलं की मधला काळ अर्धी फेरी, सव्वाआठ दिवसांहून थोडा जास्त. पण टोकाला चंद्र दोन-दोन रात्री हलत नाहीसा वाटतो, म्हणून टोकाची वेळ अंदाजे येते. त्यापेक्षा तो गुरूच्या जवळून जातो ती वेळ धरा. तिथं तो भराभर सरकतो.

सर्वांत नेमकं काम आयोच्या ग्रहणांचं. आयो गुरूच्या सावलीत शिरतो आणि दोन-चार मिनिटांत विझतो. तुमची ६० मिमी त्याला पुरेल. प्रतियुतीच्या आधी शिरताना दिसतो, नंतर बाहेर पडताना. दोन ग्रहणांमध्ये ४२ तास २८ मिनिटं ३६ सेकंद. ताऱ्यांच्या हिशेबानं मात्र फेरी ४२ तास २७ मिनिटं ३३ सेकंदांची. तो मिनिटभर गुरू स्वतः सूर्याभोवती सरकतो त्याचा.

आणि एक लक्षात ठेवा. ग्रहणांच्या वेळा वर्षभर मांडल्या की त्या घड्याळाच्या पुढेमागे होतात. गुरू जवळ असताना ग्रहणं लवकर, लांब असताना उशिरा. डेन्मार्कच्या ओले रोमरनं १६७६ मध्ये यावरून सांगितलं की प्रकाशालाही प्रवासाला वेळ लागतो. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला त्यानं २२ मिनिटं धरली होती, खरी साडेसोळा. एका चंद्राचा काळ नेटानं मोजताना विज्ञानातली एवढी मोठी गोष्ट हाती आली, हे मुलांना जरूर सांगा.

अथणीचा_विद्यार्थी:

सर, मी पीयूसीला (अकरावी-बारावी) आहे. एक विचारायचं होतं. गॅनिमीड तर सगळ्यात मोठा, मग त्याचा काळ वजनामुळं जास्त आहे काय? आणि दुसरं. नेपच्यूनला १६५ वर्षं लागतात म्हणतात, प्लूटोला २४८. एवढी फेरी पूर्ण बघितलेला माणूसच नाही, मग आकडा कसा कळला?

चिकोडीकर:

बाळ, दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जातात.

फिरणाऱ्याच्या वजनाचा काळावर जवळजवळ परिणाम नाही. काळ ठरतो अंतरावर आणि मधल्या गोळ्याच्या वस्तुमानावर. कॅलिस्टो आयोच्या ४.४७ पट लांब. ४.४७ चा घन ८९.३, त्याचं वर्गमूळ ९.४५. आता त्यांचे काळ बघ: १६.६९ भागिले १.७६९, उत्तर ९.४३. अंतर किलोमीटरमध्ये माहीत नसलं तरी चालतं, रेघेवरच्या पटींवर भागतं.

मधल्याचं वजन कसं कळतं ते आयो आणि आपला चंद्र शेजारी ठेवून बघ. आयो गुरूपासून ४,२१,७०० किमी, आपला चंद्र पृथ्वीपासून ३,८४,४००. अंतर जवळपास सारखं, पण चंद्राला २७.३ दिवस लागतात आणि आयोला पावणेदोन. आयोला इतक्या वेगानं फिरवायला गुरू किती जड हवा? अंतरांच्या गुणोत्तराचा घन १.३२, काळांच्या गुणोत्तराचा वर्ग २३८.५, गुणाकार ३१५. गुरू पृथ्वीच्या ३१८ पट जड आहे. तराजू नाही, काही नाही, फक्त घड्याळ.

आता नेपच्यून. तो २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये सापडला आणि त्यानंतरची पहिली फेरी त्यानं २०११ मध्ये पुरी केली. प्लूटो १९३० मध्ये सापडला, त्याची अजून निम्मीही झालेली नाही. पण नियम हाती आला की पूर्ण फेरी बघायची गरज उरत नाही. कक्षेचा लहानसा तुकडा नीट मोजला की त्याचा बाक आणि वेग यांवरून अख्खी कक्षा काढता येते, आणि कक्षा कळली की काळ कळला.

याचा पहिला मोठा कस सेरेस या बटुग्रहाच्या वेळी लागला. पियाझी या खगोलशास्त्रज्ञाला तो इटलीतल्या पालेर्मोत १ जानेवारी १८०१ ला दिसला. फेब्रुवारीपर्यंत नोंदी झाल्या, मग तो सूर्याच्या उजेडात हरवला. त्याची फेरी ४.६ वर्षांची आणि हातात जेमतेम सहा आठवडे. चोवीस वर्षांच्या गाऊस या जर्मन गणितज्ञानं त्या तुटपुंज्या नोंदींवरून कक्षा काढली, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, सेरेस त्यानं सांगितलेल्या भागातच सापडला. वर टिळकवाडीकरांनी सांगितलेली फेऱ्या वाढवायची वाट एक, आणि ही दुसरी. पण दुसरीसाठी नोंद फार काटेकोर लागते. तुकडा लहान असला की प्रत्येक चूक अख्ख्या कक्षेवर ताणली जाते.

खानापूरच्या_बाई:

म्हणजे गटांची वाटणी झालीच. आठवीला चंद्र आणि कृत्तिका, नववीला कॅलिस्टो व गॅनिमीड, दहावीतल्या ज्यांना हौस आहे त्यांना आयोची ग्रहणं. मोबाईलचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप लागतं तसंच ठेवायला सांगते, म्हणजे वेळ सगळ्यांची एक राहील. जंगलालगतच्या वाड्यांतल्या मुलांनी रात्री माळावर जायचं नाही, अंगणातून किंवा स्लॅबवरूनच बघायचं. गुरूला अंधाराची अट नाही, गावातल्या दिव्यांतूनही तो दिसतो. माझी काळजी फक्त ढगांची. ओळीनं दहा रात्री घाटाजवळ मिळतीलच असं नाही.

अथणीचा_विद्यार्थी:

बाई, आमच्याकडं पाऊस कमी, आकाश लवकर मोकळं होतंय. कॉलेजच्या मित्राची दुर्बीण हाय. तुमच्याकडं ढग असतील त्या रात्री मी कॅलिस्टोची रेघ काढून इथं टाकतो. पण अथणीची नोंद तुमच्या खानापूरकडच्या नोंदीत मिसळली तर चालतंय काय?

टिळकवाडी_दुर्बीण:

बिनधास्त मिसळा. दीडेकशे किलोमीटरनं गुरूच्या चंद्रांच्या जागेत मोजण्याजोगा काहीच फरक पडत नाही. आपल्या चंद्राच्या बाबतीतही तो दोन-तीन मिनिटांचा असेल, तुमच्या तासाभराच्या चुकीत तो हरवून जाईल. फक्त प्रत्येक रेघेखाली गाव, तारीख, वेळ आणि दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं की सरळ हे लिहा. पूर्व-पश्चिम ओळखायला दुर्बीण न हलवता गुरू सरकू द्यायचा. तो ज्या बाजूनं दृश्याबाहेर जातो ती पश्चिम.